हत्ती एक, वाघ एक, मोर एक

छकुलीला कांजिण्या आल्या नसत्या तर हिंदुराव कवी झाले नसते, असं त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई आजही म्हणतात. त्यांच्या बोलण्याचा सूर असा असतो, की दोन्ही रोगांवर वेळीच लस टोचून घ्यायला हवी होती.

हिंदुरावांनी पाटबंधारे खात्यात, इंदापूरला, तेहेतीस वर्षं नकाशे काढले. खात्यात नकाशे काढणारे पुष्कळ होते, पण नकाशाची घडी घालावी ती हिंदुरावांनीच. चार हात लांबीचा कालव्याचा नकाशा ते अशा घडीत बसवत, की तो फायलीत मावायचा आणि कालव्याचं नाव बरोब्बर वर यायचं. साहेब बदलून आला की बाकीचे त्याला हार घालत आणि हिंदुराव घडी दाखवत. निवृत्त होऊन ते बारामतीला काटेवाडी रस्त्यावरच्या कॉलनीत राहायला आले, आणि दोन वर्षं त्यांच्या हातांना वर्तमानपत्राशिवाय घडी घालायला काही मिळालं नाही.

मग नातीला कांजिण्या आल्या. छकुली दुसरीत. आईवडील एमआयडीसीत कामाला, शाळा बंद, बाहेर जायचं नाही, खाजवायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं घर डोक्यावर घेतलं. तेव्हा हिंदुरावांनी मोबाइलवर बघून बघून एका कागदाचा बेडूक केला. पाठीवर बोट दाबून सोडलं की उडी मारणारा.

छकुलीनं तो उशीवर ठेवला, कान त्याच्याजवळ नेला आणि विचारलं, "आबा, ह्यो काय म्हणतोय?"

हिंदुरावांना काही सुचत नव्हतं, पण प्रश्नाला उत्तर न देणं हे त्यांच्या नोकरीच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. ते म्हणाले,

"बेडूकराव, बेडूकराव, चाललात कुठं?
पाटाला पाणी आलंय, चाललोय तिथं."

आणि त्यांनी त्याच ओळी पुन्हा एकदा म्हणून पाहिल्या. कुठं आणि तिथं आपोआप जुळले होते. एकसष्ट वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन राजेश्वरीबाईंना दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. त्या म्हणाल्या, "भाजीला मीठ टाकलंय का बघा जरा." पण त्यांचा स्वर अगदीच वाईट नव्हता, अशी नोंद हिंदुरावांनी मनात करून घेतली.

कांजिण्या सुकेपर्यंत पलंगावर सगळी वस्तीच उभी राहिली. दोन चादरींच्या मधे कालवा झाला. छकुली त्याची पाणी सोडणारी. "आज वाघाची पाळी. बेडकानं दारं धरायचं. हत्तीनं मधीच पाणी प्यायचं न्हाय." हत्ती अर्थातच मधे प्यायचा आणि त्याच्यावर पंचनामा व्हायचा. दर प्राण्याला हिंदुरावांनी एकेक कविता दिली, कारण छकुली कवितेशिवाय कुणाला पाणी सोडत नसे. हत्तीची अशी होती:

"हत्तीमामा आले, उसामध्ये शिरले,
एक कांडं खाल्लं अन् ढेकर देऊन फिरले."

वाघाची:

"वाघोबा, वाघोबा, मिशी का ओली?
दुधाच्या किटलीत चुकून गेली."

आणि मोराची, जिच्यावर हिंदुरावांचा स्वतःचा विशेष जीव होता:

"मोर म्हणाला ढगाला, पिसारा घे उशाला,
झोप माझ्या घरी, आता पळतोस कशाला?"

इथपर्यंत सगळं घरात होतं. छकुली शाळेत गेली आणि ते गावाचं झालं. तिनं वर्गात उभं राहून सांगितलं, की माझे आबा कवी आहेत, त्यांचं पुस्तक निघणार आहे, आणि त्या पुस्तकाचं पान फाडून घडी घातली की त्याचा खराखुरा हत्ती होतो. एवढं सगळं हिंदुराव बोललेच नव्हते. ते फक्त "पुस्तक काढायला हवं" असं आरशासमोर म्हणाले होते. पण दुसऱ्या दिवशी छकुलीच्या वहीतून तिच्या वर्गाच्या प्रगती मॅडमची चिठ्ठी आली: आमच्या शाळेत येऊन मुलांना कविता ऐकवाव्यात, पुस्तकही आणावं.

छकुली समोर उभी होती. "आणणार ना, आबा? मी सांगितलंय समद्यांना."

"आणणार म्हणजे काय, आणणारच," हिंदुराव म्हणाले. माणसाच्या आयुष्यात काही वाक्यं अशी असतात, की ती म्हणून झाल्यावरच त्यांची लांबी कळते.

पुस्तक निघणार हे कळल्यावर शेजारी मागे राहिले नाहीत. डावीकडचे सोपानतात्या मूळचे सांगवीचे, ऊसवाले. पोरानं कॉलनीत बंगला बांधला म्हणून ते इथं येऊन अडकले होते आणि दिवसभर बोलायला माणूस शोधत असत. त्यांनी सगळ्या कविता डोळे मिटून ऐकल्या.

"झ्याक हाय. पण हत्ती एका कांड्यात माघारी फिरला हे काय पटत न्हाय बघा. आमच्याकडं रानडुक्कर शिरलं तर अर्धा एकर लोळवतंय. हत्तीनं निदान एक सरी तरी खायला पायजे."

"लहान मुलांसाठी आहे, तात्या."

"म्हणूनच म्हणतोय. पोरास्नी लहानपणीच खोटं का शिकवायचं?"

उजवीकडच्या छबूबाईंचं माहेर मोरगावकडचं, कोरडवाहू, शेळ्यांचं. त्यांनी यादी ऐकली आणि कमरेवर हात ठेवले. "वाघ हाय, हत्ती हाय. ह्यांनी कधी कुणाचं घर चालवलंय व्हय? शेळी कुठं हाय? शेळीबिगर पुस्तक काढताय, आन् वर मला दाखवताय."

शेजारधर्म म्हणून हिंदुरावांनी शेळी करायला घेतली. पहिली शेळी कुत्र्यासारखी झाली. दुसरी खुर्चीसारखी. तिसरी मात्र चारी पायांवर उभी राहिली. ती घेऊन ते छबूबाईंकडं गेले, तर त्या बराच वेळ निरखून म्हणाल्या, "बोकड हाय ह्यो." त्या विषयावर त्यानंतर बोलणं झालं नाही.

छपाईसाठी हिंदुराव एसटीनं इंदापूरला गेले. तिथं ऋषिराजचा छापखाना होता. त्याचे वडील खात्याचे फॉर्म छापत. ऋषिराज लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचा. हिंदुरावांनी त्याला चौकोनी पानं आखून दिली. कुठं घडी, कुठं ठिपक्यांची रेघ, सगळं मिलिमीटरमधे.

"आन् कविता कुठं टाकायची, साहेब?"

हा प्रश्न हिंदुरावांनी नीट ऐकायला हवा होता. पण "साहेब" हा शब्द दोन वर्षांनी कानावर पडला होता आणि ते त्याच शब्दापाशी थांबले होते.

"तुला काय वाटतं?"

"पत्रिकेत देव मधोमध असतोय. कविता बी मधोमध उठून दिसंल."

"मधोमध घे," साहेब म्हणाले.

आठ दिवसांनी साठ पुस्तकांचा गठ्ठा आला. कागद चांगला, रंग चांगला, ठिपक्यांच्या रेघा सरळ. मुखपृष्ठावर मोठ्या लाल अक्षरांत नाव होतं: 'कागदी पाणी'.

हिंदुरावांनी ऋषिराजला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मला वाटलं तुमी पाटबंधाऱ्याचं, म्हंजे पाण्याचंच आसंल. 'प्राणी' वाचून मीच म्हणलं, साहेबांची चूक झाली, दुरुस्त करावी."

सोपानतात्यांनी मुखपृष्ठ वाचून मान डोलावली. "नाव बदलू नका. आमच्या पाटाच्या शेवटच्या टोकाला जे पोचतंय ना, ते हेच."

पण हिंदुराव खचले नाहीत. पाणी आणि प्राणी यांच्यात फक्त एका तिरप्या काडीचं अंतर आहे, आणि काडी काढायला त्यांच्याइतका लायक माणूस तालुक्यात नव्हता. त्यांनी जुना ड्रॉइंग पेन धुतला, लाल शाई भरली आणि साठच्या साठ 'प'ना एकाच कोनात काडी दिली. छकुलीनं एक पान फाडून घडी घालू का, असं विचारलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "पहिलं पान शाळेत फाडायचं. उद्घाटनाआधी कुणी फीत कापतं का?"

आता फक्त परवानगी राहिली होती. शाळेत बाहेरच्या माणसाचा कार्यक्रम, तेव्हा शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसचा कागद लागतो, असं प्रगती मॅडमनी कळवलं. हिंदुराव हसले. अर्ज कसा लिहावा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी लिहिलं: 'मी स्वतः तयार केलेले हत्ती एक, वाघ एक, मोर एक व बेडूक (उडी मारणारा) एक असे प्राणी विद्यार्थ्यांसमोर कवितांसह सादर करण्यास परवानगी मिळावी ही विनंती.' खाली सही ठोकली, आवक शिक्का मारून घेतला आणि तिसऱ्या दिवशी उत्तर आणायला गेले.

टेबलामागच्या भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला होता, हे अर्जावरच्या लाल रेघांवरून दिसत होतं.

"वाघ वनखात्याकडं येतो," ते म्हणाले. "मोराचं तर विचारूच नका. हत्तीचं मी साहेबांना विचारून सांगतो."

"अहो, कागदी आहेत ते."

"अर्जात कुठं लिहिलंय?"

हिंदुरावांनी अर्ज घेऊन वाचला. कागद हा शब्द खरोखरच कुठं नव्हता. "राहिलं लिहायचं. आता घालतो."

"आवक झालेल्या अर्जात खाडाखोड चालत न्हाय. अन् अर्जात जे न्हाय ते आमच्या लेखी न्हाय."

हिंदुरावांनी पेन खिशात परत ठेवला. हेच वाक्य, याच शब्दांत, त्यांनी तेहेतीस वर्षांत निदान तीनशे शेतकऱ्यांना ऐकवलं होतं. ते इतकं चांगलं वाक्य आहे आणि त्याला काहीच उत्तर नाही, हे त्यांना टेबलाच्या या बाजूला बसल्यावर कळलं.

"मग काय करू?"

"नवा अर्ज करा, म्हंजे पंधरा दिवस. न्हायतर याला जोडपत्र आणा. प्राणी जिवंत न्हाईत असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला."

"सक्षम म्हणजे कोण?"

"प्राण्यांचा डॉक्टर."

कार्यक्रम चार दिवसांवर होता. हिंदुराव बिस्किटांच्या डब्यात चौघांना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि रांगेत बसले. पुढं एक कालवड, मागं दोन शेळ्या. कालवडीच्या मालकानं डब्याकडं पाहिलं.

"काय आणलंय?"

"हत्ती," हिंदुराव म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

मालकानं थोडा विचार केला. "बारीक झालाय," तो म्हणाला आणि सरकून बसायला जागा दिली.

डॉक्टर तरुण होते आणि सकाळपासून म्हशींच्या लाथा चुकवून दमले होते. त्यांनी सगळी हकीगत ऐकली, हत्ती टेबलावर ठेवला, स्टेथोस्कोप लावला आणि जराही न हसता दाखला लिहून दिला: 'वरील चारही प्राण्यांची तपासणी केली. नाडी लागली नाही.' खाली सही, शिक्का.

भाऊसाहेबांनी दाखला वाचला आणि चष्मा काढला. "नाडी लागली न्हाय. म्हंजे मेलेले?"

"कागदी."

"इथं लिहिलंय नाडी लागली न्हाय. मेलेलं जनावर शाळेत न्यायचं म्हंजे आरोग्याचा प्रश्न आला."

हिंदुरावांनी शेवटी डबा उघडला आणि चौघांनाही टेबलावर मांडलं. त्यांनी बेडकाच्या पाठीवर बोट दाबलं, आणि बहुधा रागामुळं जरा जास्तच दाबलं. बेडूक उडाला, भाऊसाहेबांच्या खांद्यावरून गेला आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून बाहेर येणाऱ्या, त्या ऑफिसच्या मोठ्या मॅडमच्या चहाच्या कपात पडला.

मॅडमनी दोन बोटांनी बेडूक बाहेर काढला. चहा निथळू दिला. त्याला उलटसुलट करून पाहिलं.

"हा कुणी केला?"

हिंदुराव उभे राहिले. मॅडमनी अर्ज मागवला, दाखला मागवला, आणि वाचताना त्यांचे ओठ एकदा हलले. मग उभ्या उभ्या सही केली. वर अटही घातली: 'कार्यक्रमानंतर सर्व प्राणी अर्जदाराने स्वतः परत न्यावेत.' आणि म्हणाल्या, "शनिवारी मी पण येते. कविता ऐकायच्यात मला."

हिंदुराव घरी आले ते ताठ मानेनं. राजेश्वरीबाईंनी त्यांना इस्त्रीचा सदरा काढून दिला आणि पहिल्यांदाच विचारलं, "पाठ आहेत ना सगळ्या?"

शनिवारी सकाळी शाळेत चव्वेचाळीस मुलं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. पहिली ते चौथी, सगळी शाळाच. मोठ्या मॅडम खुर्चीवर होत्या. राजेश्वरीबाई, सोपानतात्या आणि छबूबाई दारापाशी उभे होते. छकुली पहिल्या रांगेत, आणि तिनं आजूबाजूच्या सगळ्यांना कोपरानं ढोसून "ते माझं आबा" असं सांगितलेलं दिसत होतं.

हिंदुरावांनी घडी शिकवली. हे त्यांचं राज्य होतं. "आता कोपऱ्याला कोपरा. नखानं दाबायचं. घाई करायची नाही." चव्वेचाळीस नखं एकदम कागदावरून फिरली. प्रगती मॅडम रांगांमधून फिरत होत्या. अर्ध्या तासात सतरंजीवर हत्ती उभे राहिले, वाघ बसले, मोरांनी माना वर केल्या. मोठ्या मॅडमनीही एक हत्ती केला. त्याची सोंड जरा आखूड झाली होती, पण हिंदुराव काही बोलले नाहीत.

"शाब्बास," ते म्हणाले. "आता आपापल्या प्राण्याची कविता मोठ्यानं वाचा. हत्तीवाले आधी."

कुणी वाचेना. मुलं हत्ती फिरवून फिरवून बघत होती.

"वाचा की."

"आबा," छकुली हळू आवाजात म्हणाली, "माझ्या हत्तीवर नुसतं 'ढेकर' आलंय."

"माझ्या कानावर 'मामा' आलंय," मागून कुणी म्हणालं.

"मोरावर 'ढगाला' हाय, आन् शेपटीवर 'कशाला' हाय. बाकीचं आत गेलं."

हिंदुरावांनी टेबलावरचा एक हत्ती उचलला. मधोमध छापलेली कविता मधोमध घडीत गेली होती. दोन शब्द पाठीवर, एक पायावर, बाकी सगळी हत्तीच्या पोटात. ज्या माणसानं तेहेतीस वर्षं कालव्याचं नाव फायलीच्या वर आणलं, त्याची स्वतःची कविता हत्तीनं गिळली होती. त्यांनी दाराकडं पाहिलं नाही, कारण राजेश्वरीबाईंचा चेहरा आत्ता बघवला नसता.

"असं करा," ते म्हणाले, "सगळे उलगडा. उलगडून सरळ वाचू."

पण उलगडायला कुणी तयार नव्हतं. अर्धा तास खपून केलेला वाघ कोण मोडणार? भिमा नावाचा चौथीतला मुलगा तर आपला वाघ सदऱ्याच्या आत घालून बसला. "आमी न्हाय मोडणार," तो म्हणाला.

तेवढ्यात पहिल्या रांगेत छकुलीनं आपला हत्ती शेजारणीच्या मोराला चिकटवून ठेवला. मग बेडूक आणला, वाघ आणला. पलंगावर ती त्यांना पाण्याच्या पाळीसाठी अशीच रांगेत लावायची. मग बोट ठेवत ठेवत, अंगावर आलेले शब्द वाचत, मधले गाळलेले स्वतःच भरत ती म्हणाली,

"पाणी चाललं ढगाला,
ढेकर आला वाघाला."

वर्ग असा हसला, की बाहेर झाडाखालची शेळी उठून उभी राहिली. लगेच भिमानं सदऱ्यातून वाघ काढला. "थांबा, माझ्या वाघावर 'मिशी' हाय. कुणाकडं 'उशाला' हाय? हिकडं आण." दोन मोर पुढं सरकले. बरीच ओढाताण झाली, आणि तिथून आलं:

"मामा गेले उशाला,
मिशी घेऊन कशाला?"

मग ते थांबेनाच. मुलं प्राणी घेऊन या रांगेतून त्या रांगेत पळू लागली. कुणाला किटली हवी होती, कुणी ऊस देऊन ढग घेत होतं. प्रगती मॅडमनी एकदा "शांत बसा" म्हणायला तोंड उघडलं आणि मोठ्या मॅडमकडं बघून मिटलं, कारण मोठ्या मॅडमच आपला आखूड सोंडेचा हत्ती घेऊन 'चुकून' हा शब्द कुणाकडं आहे का ते विचारत होत्या. दारापाशी छबूबाई सोपानतात्यांना म्हणत होत्या, "शेळी असती तर 'पोळी' जुळलं असतं."

हिंदुराव मधोमध उभे होते. अभिमान दुखावलेला होता, हे खरं. महिनाभर जुळवलेल्या ओळी त्यांच्या डोळ्यांसमोर तुकडे होऊन पळत होत्या, आणि त्यांच्या जिवाच्या मोराची मान 'मिशी'ला जाऊन चिकटली होती. पण त्यांनी 'मामा गेले उशाला' मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि त्यांना मान्य करावं लागलं, की ही ओळ आपल्याला सुचली नसती. मामा, मिशी आणि उशी आपण एका कागदावर आणलीच नसती. आपण त्यांना वेगवेगळ्या फायलींत घातलं असतं. त्यांनी खिशातला पेन काढला, टेबलावरचं एक पुस्तक उलटं केलं आणि मलपृष्ठावर मुलांच्या ओळी उतरवून घ्यायला सुरुवात केली. अक्षर नेहमीसारखंच, नकाशातलं, सरळ.

पान भरलं तेव्हा प्रगती मॅडमनी टाळी वाजवून मुलांना जागेवर बसवलं. मोठ्या मॅडम उभ्या राहिल्या. पाहुण्यांनी शेवटी एक प्रश्न विचारायचा, अशी रीत असते.

"आता मला सांगा," त्या म्हणाल्या, "यातले कवी कोण कोण?"

चव्वेचाळीस हात वर गेले. छकुलीनं तर दोन्ही वर केले.

हिंदुरावांनी जरा विचार केला आणि आपलाही हात वर केला. मोठ्या मॅडमनी रांगेनं एकेकाला उभं करून कविता म्हणायला सांगितलं, तेव्हा ते सतरंजीच्या टोकाला, चौथीच्या मागं, सदऱ्याची इस्त्री सांभाळत मांडी घालून बसले. त्यांचा नंबर पंचेचाळिसावा होता. त्यांनी एक बेडूक आणि एक हत्ती समोर ठेवला आणि नंबर येईपर्यंत जुळवायला घेतलं.